शेजवान बांगडा

गेल्या रविवारी मालवणात एका हॉटेलात जेवायला बसलो. कार्डावर ‘शेजवान बांगडा’ दिसला. भाच्यानं वेटरला विचारलं, "शेजवान म्हणजे काय ओ?" तो म्हणाला, "लाल, तिखट. लसूण भरपूर आसता."

बांगडा आला तो तसाच, लालभडक. मासा ताजा होता, त्याला नाव ठेवणार नाही. पण त्या नावापाशी मी अडकले ती अजून तिथंच आहे.

शेजवान म्हणजे चीनमधला सिचुआन प्रांत. तिथल्या जेवणाची खरी खूण म्हणजे सिचुआन मिरी. ती चावली की जिभेला मुंग्या येतात. त्या चवीला तिकडे ‘माला’ म्हणतात, ‘मा’ म्हणजे बधिर आणि ‘ला’ म्हणजे तिखट. आपल्या शेजवान चटणीत मिरची-लसूण आहे, म्हणजे ‘ला’ आहे. ‘मा’ नाहीच.

आणि तो ‘मा’ आमच्या परसात, काटेरी खोडाच्या झाडावर लागतो! आपलं तिरफळ आणि सिचुआन मिरी एकाच वंशातली, झँथोझायलम. तिकडेही आतली काळी बी टाकून सालच वापरतात, इकडेही. बांगड्याचं तिखलं करताना आई आठ-दहा तिरफळं मुठीत घेऊन बिया झटकते, सालं पाट्यावर नुसती दडपते आणि उकळी आली की वरून टाकते. बारीक वाटू देत नाही, कडू होतं म्हणते. ताटात तिरफळाचं साल चुकून दाताखाली आलं की जीभ किती तरी वेळ झिणझिणते. म्हणजे त्या नावाला शोभेल असा बांगडा आमच्याकडे आधीपासूनच होता, फक्त कार्डावर नव्हता.

(त्याच कार्डावर ‘व्हेज विंदालू’, बटाटा घालून. मूळ पोर्तुगीज शब्दांत वाइन आणि लसूण आहे. त्यातला ‘आलू’ म्हणजे ‘आल्यु’, लसूण. बटाट्याचा काही संबंध नाही.)

निघताना मालकांना हे सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "ताई, तिरफळ म्हटला तर पर्यटक इचारतत, ह्या काय?"

विचारू देत ना! विचारलं की दोन दाणे हातावर ठेवून चावायला द्यायचे. परवा मालवणला जाणार आहे, तेव्हा घरच्या सुकवलेल्या तिरफळांची पुडी त्यांना नेऊन देते.