सहा जानेवारीचे बातमीपत्र

जयगडच्या खाडीकाठी असलेल्या आमच्या गावातल्या वाचनालयाचे वार्षिक संमेलन दरवर्षी ६ जानेवारीला भरते. गावाने एकत्र येण्याची बाकीची सगळी निमित्ते, म्हणजे गणपती, शिमगा आणि मे महिन्यातली लग्ने, चाकरमान्यांच्या रजेच्या हिशोबाने चालतात. या दिवसाला मात्र तसा कोणताच आधार नाही. शाळा चालू असते, मुंबईकरांना रजा मिळत नाही, आंब्याला मोहोर आलेला असतो आणि तुडतुड्याच्या भीतीने बागायतदाराचा पाय बागेतून निघत नाही. तरीही हीच तारीख ठरली आणि टिकली, ती अण्णांच्या आग्रहामुळे. बाळशास्त्री जांभेकरांच्या ‘दर्पण’चा पहिला अंक १८३२ साली याच तारखेला निघाला आणि म्हणून महाराष्ट्रात हा दिवस पत्रकार दिन म्हणून पाळला जातो, हे आमच्याकडे आता पाचवीतल्या मुलालाही ठाऊक आहे. जांभेकर देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे, म्हणजे आपल्याच मुलखातले, हे सांगताना अण्णांचा एरवीचा संथ आवाज किंचित चढत असे, आणि त्या एका वाक्यासाठी दरवर्षी सभा शांत होई.

अण्णा अनेक वर्षे आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावरून संध्याकाळी सात वाजता प्रादेशिक बातम्या देत असत. पोटापाण्याची नोकरी वेगळी होती. नैमित्तिक वृत्तनिवेदक म्हणून महिन्यातले काही दिवस त्यांच्या वाट्याला येत, आणि त्या दिवशी कार्यालय सुटले की ते मंत्रालयाजवळच्या आकाशवाणीच्या इमारतीत जाऊन बसत. निवृत्तीनंतर ते गावी परतले आणि जिल्ह्यातल्या एका दैनिकात दर रविवारी स्तंभ लिहू लागले. त्यांना गावात नावाने कोणी हाक मारली नाही, आणि संमेलनाच्या पत्रिकेवर आपले नाव छापू नये असे त्यांनी पहिल्याच वर्षी सांगून ठेवले होते. बातमी देणाऱ्याने आपले नाव सुरुवातीला एकदा सांगावे आणि मग बाजूला व्हावे, असे ते म्हणत. म्हणून मीही येथे त्यांना अण्णाच म्हणते.

आज रेडिओविषयी लिहिताना तो काळ समजावून सांगावा लागतो. सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी पुण्याहून वृत्तनिवेदिका सुधा नरवणे यांचा आवाज आला की घरात चुलीवरच्या आधणापासून शाळेच्या दप्तरापर्यंत सगळ्याला वेळेचे माप मिळत असे. संध्याकाळच्या बातम्यांना मात्र आमच्याकडे वाचनालयाच्या पडवीत माणसे जमत. रत्नागिरीचे आकाशवाणी केंद्र १९७७ साली सुरू झाले, त्याआधी मुंबईच ऐकावी लागे आणि पावसाळ्यात विजांच्या खरखरीतून शब्द वेचावे लागत, असे वडीलधारी मंडळी सांगत. मला आठवते ती रत्नागिरी केंद्रावरून स्वच्छ ऐकू येणारी मुंबईची बातमी, आणि “आकाशवाणी मुंबई” या दोन शब्दांनंतर अण्णांचे नाव आले की पडवीतल्या सगळ्यांनी एकमेकांकडे पाहणे. खलाशी मंडळी हवामानाच्या वाक्यासाठी थांबत. समुद्र खवळलेला राहील, मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये, हे वाक्य कोणीही वाचले तरी तेच असे. परंतु अण्णा ते वाचत तेव्हा ते थोडे हळू वाचत. आपण कोणाला सांगतो आहोत हे त्यांना ठाऊक होते.

संमेलनात पहिल्या काही वर्षी त्यांना प्रमुख पाहुणे म्हणून बोलावले जाई. हार, नारळ, भाषण, बक्षीस वाटप असा तो ठरलेला कार्यक्रम होता आणि त्याविषयी सांगण्यासारखे फारसे नाही. मग एका वर्षी त्यांनी भाषण करण्याऐवजी गावाचे बातमीपत्र वाचले. दहा मिनिटांचे, आकाशवाणीच्या रीतीने, आधी ठळक बातम्या, मग सविस्तर, शेवटी पुन्हा ठळक बातम्या. त्या दिवसापासून आमचे संमेलन म्हणजे ते बातमीपत्र, आणि बाकीचा कार्यक्रम त्याच्या मागेपुढे, असे होऊन बसले.

ते बातमीपत्र कसे तयार होई हे मी जवळून पाहिले आहे, कारण शाळेत असताना बातम्यांचे कागद उतरवून देण्याचे काम माझ्याकडे असे. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात अण्णा वाडीवाडीने फिरत. खालच्या वाडीतल्या सार्वजनिक विहिरीचा गाळ ग्रामस्थांनी श्रमदानाने काढला, शाळेची दोन मुले शिष्यवृत्ती परीक्षेत उत्तीर्ण झाली, साकवाची मोडलेली फळी पावसाळ्यापूर्वी बदलण्यात आली, मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर एक आजोबा पुन्हा वाचनालयात येऊन वर्तमानपत्र वाचू लागले, अशा त्या बातम्या. प्रत्येक बातमी लिहून झाली की ती ज्याच्याविषयी आहे त्याच्या घरी जाऊन अण्णा ती त्याला वाचून दाखवत. ज्याची बातमी आहे त्याच्या देखत ती वाचता आली पाहिजे, आणि ऐकल्यावर त्याने ‘हे असेच झाले’ असे म्हटले पाहिजे. नाहीतर ती बातमी नव्हे, ती नुसती कुजबुज, हा त्यांचा नियम होता. एका वर्षी बांधावरून दोन भावांत वाद होऊन प्रकरण मोजणीपर्यंत गेले होते आणि गावभर त्याचीच चर्चा होती. अण्णा दोघांकडेही गेले. दोघांनाही मान्य होईल असे एक वाक्य तयार होईपर्यंत त्यांनी कागद चार वेळा बदलला, आणि अखेर त्या जमिनीची सरकारी मोजणी झाली, एवढेच वाचले गेले. दोन्ही भाऊ सभेत होते. मला वाटते, त्या वर्षी गावात त्या वादाविषयी बोलण्याचा सूर जो उतरला तो या एका वाक्यामुळे.

त्यांचे कागदही पाहण्यासारखे असत. अर्ध्या तावावर, एकाच बाजूला, मोठ्या अक्षरात, दोन ओळींत भरपूर अंतर ठेवून लिहायचे. एक वाक्य दोन पानांवर कधीही विभागायचे नाही. जिथे थांबायचे तिथे तांबड्या पेन्सिलीने एक तिरकी रेघ, जिथे श्वास घ्यायचा तिथे दोन. कागद टाचायचे नाहीत, कारण पान उलटण्याचा आवाज ध्वनिक्षेपकात उतरतो. वाचून झालेले पान अलगद डावीकडे सरकवायचे. मनगटावरचे घड्याळ काढून समोर ठेवायचे. वाचनाआधी तासभर थंड पाणी नाही, सरबत नाही, फक्त कोमट पाण्याचे दोन घोट. स्पीकरवाल्याला ते स्वतः जाऊन घुमारा कमी करायला सांगत आणि मागच्या रांगेतल्या एखाद्या आजीला ऐकू येते का हे विचारून येत.

आम्हा मुलांना त्यांनी जे शिकवले ते कोणत्याही पाठ्यपुस्तकात मला नंतर सापडले नाही. रेडिओच्या बातमीत ‘वरील’ आणि ‘खालील’ हे शब्द चालत नाहीत, कारण ऐकणाऱ्यापुढे कागद नसतो. एका वाक्यात एकच गोष्ट सांगावी. ‘ते’, ‘त्यांनी’ असे म्हणत राहण्यापेक्षा माणसाचे नाव पुन्हा घ्यावे, कारण श्रोता मध्येच दार उघडायला उठलेला असू शकतो. मोठा आकडा कानाला पेलेल असा सांगावा. बाराशे पन्नास न म्हणता साडेबाराशे म्हणावे. आणि मृत्यूची बातमी वाचताना आवाज मुद्दाम जड करू नये. शब्द नीट वाचले की दुःख आपोआप पोचते. मी पुढे शिक्षिका झाले, आणि वर्गात धडा वाचताना अजूनही मनातल्या मनात तांबड्या रेघा ओढते.

त्यांच्या वाचनाचे कौतुक सगळ्यांनी केले. स्तंभलेखनाकडे मात्र तेवढे लक्ष गेले नाही, आणि माझ्या मते हा त्या लेखनावर अन्याय झाला. रेडिओवर आखूड वाक्ये बोलणारा हा माणूस कागदावर मात्र लांब, पल्लेदार, वळणे घेत जाणारी वाक्ये लिहीत असे, जणू दहा मिनिटांत जे सांगता आले नाही ते सगळे तिथे उतरत होते. मनिऑर्डरवर जगणारा जिल्हा म्हणून रत्नागिरीची ओळख होती त्या काळात पोस्टमनची वाट पाहणाऱ्या बायका, जयगड–तवसाळ फेरीबोट सुरू झाल्यावर खाडीपलीकडच्या नात्यांना आलेली जवळीक, कोकण रेल्वे १९९८ साली पूर्ण सुरू झाल्यावर रातराणी एसटीच्या थांब्यावर कमी झालेली गर्दी, असे त्यांचे विषय असत. आठवणींचा उमाळा त्यांत नसे. पोस्टमनवरच्या लेखासाठी त्यांनी जुन्या पोस्टमास्तरांकडे तीन वेळा जाऊन टपालाच्या थैल्या कोणत्या वाटेने, कोणत्या होडीने येत हे विचारून घेतले होते, आणि ती सगळी वाट त्या लेखात आहे.

त्यांचा सर्वांत महत्त्वाचा लेख, निदान माझ्या लेखी, ‘रामदास’ बोटीवरचा. १७ जुलै १९४७ रोजी, गटारी अमावास्येच्या दिवशी, मुंबईहून रेवसकडे निघालेली ही बोट वादळी समुद्रात उलटून बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. अण्णांनी त्या दुर्घटनेचे वर्णन थोडक्यात आटोपले होते. लेखाचा मोठा भाग होता तो किनाऱ्यावर वाट पाहणाऱ्या घरांविषयी: आपला माणूस त्या बोटीत होता की नव्हता हे कळायला किती दिवस लागले असतील, आणि तोपर्यंत त्या घरांत काय चालले असेल. समुद्रावर पोट असलेल्या माणसांना आकडा नको असतो, नावे हवी असतात, असे त्यांनी त्यात लिहिले होते.

नोव्हेंबर २००९ मध्ये फयान वादळ कोकण किनाऱ्यावर आले तेव्हा मला त्या लेखाची फार आठवण झाली. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या कितीतरी नौका त्यात सापडल्या, खलाशी बेपत्ता झाले, आणि आमच्या खाडीवरच्या घरांनीही ते दिवस काढले. पुढच्या ६ जानेवारीला संमेलन भरवावे की नाही असा प्रश्न मंडळापुढे होता. ज्या घरचा माणूस समुद्रावरून परतला नव्हता त्या घरी अण्णा गेले. ओसरीवर बराच वेळ बसले. परत आल्यावर त्यांनी सांगितले की घरच्यांचे म्हणणे संमेलन व्हावे असेच आहे, आणि बातमीपत्रात नाव घ्यावे, पूर्ण नाव, वडिलांच्या नावासह. त्या वर्षी ठळक बातम्या नव्हत्या. अण्णा उभे राहिले, एरवी ते बसून वाचत असत, आणि त्यांनी पहिल्यांदा ती एकच बातमी वाचली. होडी कोणत्या दिवशी निघाली, शेवटचे कोणाला दिसली, शोधाला कोण कोण गेले, त्या प्रत्येकाचे नाव. आवाज नेहमीसारखाच होता. मग ते खाली बसले, घड्याळ समोर ठेवले आणि विहिरीच्या, शाळेच्या, आंब्याच्या बातम्या त्याच क्रमाने पुढे वाचल्या. त्या घरातली माऊली शेवटपर्यंत बसून होती आणि नंतर पंगतीत वाढायलाही उभी राहिली. काळ्या वाटाण्याची उसळ, भात आणि सोलकढी हा आमचा दरवर्षीचा बेत. त्या दिवशी वाढणारे हात नेहमीपेक्षा जास्त होते.

अण्णा करोनाच्या दुसऱ्या वर्षी गेले. त्यानंतरच्या जानेवारीत बातमीपत्र कोणी वाचायचे यावर मंडळात मतभेद झाले. ध्वनिमुद्रण लावावे असे काहींचे म्हणणे होते, आणि त्यामागची माया मला समजत होती. पण बातमीपत्र म्हणजे त्या वर्षीच्या बातम्या, जुना आवाज लावून ते काम होणार नाही, असे मी तेव्हा आग्रहाने मांडले आणि आजही माझे तेच मत आहे. आता माध्यमिक शाळेतल्या नववीच्या दोन मुली दरवर्षी निवडल्या जातात. त्या डिसेंबरमध्ये वाडीवाडीने फिरतात, बातम्या लिहितात आणि कागदावर तांबड्या रेघा ओढतात. त्यांच्यापैकी एकीने अण्णांना कधी ऐकलेलेही नाही.

स्तंभाची कात्रणे जमवण्याचे कामही वाचनालयाने हाती घेतले आहे. अण्णांनी स्वतः काहीच जपून ठेवले नव्हते, त्यामुळे जी मिळाली ती गावकऱ्यांच्या ट्रंकांतून, पोथ्यांच्या घडीतून आणि एका शिंपीदादांच्या मापाच्या वहीतून मिळाली आहेत. ‘रामदास’वरच्या लेखाचे दुसरे पान अजून सापडलेले नाही. मुंबईला, विशेषतः गिरणगावात, आमच्या गावची जी घरे आहेत त्यांनी माळ्यावरच्या सामानात एकदा पाहावे, अशी विनंती या निमित्ताने करते. मूळ कात्रण परत दिले जाईल.

यंदाच्या बातमीपत्राची कच्ची यादी तयार झाली आहे. खाडीकाठच्या कांदळवनाची नवी लागवड, वाचनालयाच्या छपराची दुरुस्ती, आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्या एका काकूंनी नातवाकडून मोबाइलवर मराठी टंकलेखन शिकून घेतल्याची बातमी त्यात आहे. मुली परवा त्या काकूंकडे बातमी वाचून दाखवायला गेल्या होत्या. काकूंनी दोन दुरुस्त्या सांगितल्या: शिकवणारा नातू नसून नात आहे, आणि पहिले पत्र त्यांनी मुलाला नव्हे, माहेरच्या मैत्रिणीला लिहिले. दोन्ही दुरुस्त्या केल्या आहेत.