डेन्व्हर ते ग्लेनवुड: मागे गाडी, पुढे घाट आणि ब्रेकचा हिशेब

अमेरिकेतल्या कोलोराडोमध्ये डेन्व्हरहून आय-७० महामार्गाने पश्चिमेला निघालं की लगेच चढ लागतो आणि मोटरहोमवाले, म्हणजे चाकांवरचं घर चालवणारे, इंजिनाच्या तापमानाच्या काट्याकडे डोळे लावून बसतात. आमच्या मते चढाची काळजी जरा जास्तच केली जाते. चढावर गाडी फार तर हळू होते, मागे रांग लागते, दोन-चार जण हॉर्न देतात. या रस्त्याची खरी परीक्षा आयझेनहॉवर बोगद्याच्या पलीकडच्या उतारावर असते. मागे चारही चाकं जमिनीवर ठेवून मोटार ओढत असाल, तर त्या उताराची तयारी डेन्व्हर सोडायच्या आधीच करावी लागते.

आधी वजनाचं बघू. भरलेलं मोटरहोम ९,५०० किलो आणि मागची गाडी १,८०० किलो धरा. मोटरहोमचे ब्रेक त्याच्या स्वतःच्या कमाल वजनासाठी बनवलेले असतात, मागून ढकलणाऱ्या १,८०० किलोंसाठी नाही. नुसतं मोटरहोम ज्या ब्रेकवर ७० मीटरमध्ये थांबतं, त्याच ब्रेकवर ही जोडी ८३ मीटर घेते. हे तेरा मीटर म्हणजे पुढच्या ट्रकचं बंपर. शिवाय ती गाडी टो बारमधून, म्हणजे दोन्ही गाड्या जोडणाऱ्या दांड्यातून, मोटरहोमच्या मागच्या टोकाला ढकलत असते, म्हणून ओल्या वळणावर जोरात ब्रेक मारला की शेपटी सरकू शकते. कायद्याचं म्हणाल तर मागच्या गाडीला स्वतंत्र ब्रेक कोणत्या वजनापासून हवा, याचा प्रत्येक राज्याचा आकडा वेगळा: कॅलिफोर्नियात १,५०० पौंड, बऱ्याच राज्यांत ३,००० पौंड. आजची जवळजवळ कुठलीही मोटार १,५०० च्या वर जातेच, त्यामुळे सीमेसीमेवर आकडे तपासत बसण्यापेक्षा ब्रेक बसवून मोकळं व्हावं.

मागच्या गाडीसाठीच्या ब्रेकचे प्रकार ढोबळमानाने तीन. तिच्या ड्रायव्हरच्या सीटसमोर ठेवायचा आणि पेडल दाबणारा सुटा खोका. गाडीत कायमची बसवलेली यंत्रणा. आणि टो बारमध्येच असलेला, मागची गाडी पुढे रेटली की केबल ओढून पेडल दाबणारा यांत्रिक ब्रेक. एअर ब्रेकवाल्या डिझेल मोटरहोमना हवेच्या नळीवरून चालणारी कायमची यंत्रणा घेता येते. ती आम्हाला सगळ्यात उजवी वाटते, कारण पुढे पाय जितका दाबाल तितकाच दाब मागे पोहोचतो. पेट्रोल इंजिन आणि हायड्रॉलिक ब्रेक असलेल्यांना ती सोय नाही, आणि या रस्त्यावर बहुतेकांकडे खोकाच दिसतो. म्हणून खोक्याबद्दल जरा सविस्तर.

जोडणी शहरातच, सपाट आणि मोठ्या रिकाम्या पार्किंगमध्ये करावी. टो बार जमिनीला समांतर हवा. मोटरहोमकडचं आणि गाडीकडचं टोक यांच्या उंचीत तीन इंचांहून जास्त फरक असेल तर जोरात ब्रेक लागल्यावर गाडीचं नाक वर उचललं जातं किंवा खाली दाबलं जातं. फरक काढायला ड्रॉप हिच, म्हणजे जोडणीची उंची बदलणारा तुकडा, मिळतो. गाडीतला पायाखालचा मॅट काढून टाका, तो सरकतो आणि खोक्याची बैठक ढिली होते. खोका ठेवून क्लॅम्प पेडलला लावायच्या आधी, इंजिन बंद असताना पेडल चार-पाच वेळा, घट्ट लागेपर्यंत दाबा. ही पायरी लोक सर्रास गाळतात. बूस्टरमध्ये उरलेला व्हॅक्युम पायाला मदत करत असतो. तो असताना पेडल मऊ लागतं, आणि तेवढ्याच जोरात खोक्याने ते दाबलं की पहिल्या एक-दोन ब्रेकना मागच्या गाडीची चाकं लॉक होतात. व्हॅक्युम काढून मगच सेटिंग करायचं. कायमच्या बसवलेल्या काही यंत्रणा बूस्टरला स्वतः व्हॅक्युम पुरवतात, त्यांना हे लागू नाही. हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्यांत बूस्टर इंजिनवर अवलंबून नसतो आणि पेडल कायम मऊ राहू शकतं. तिथे खोक्याचा दाब अगदी कमी ठेवण्याची सोय आहे का, हे विकत घेण्यापूर्वीच बघावं.

मग सीट पुढे घेऊन खोका घट्ट अडकवा. किल्ली काढली किंवा दार उघडलं की काही गाड्यांची सीट आपोआप मागे जाते. तसं झालं तर खोका पेडलऐवजी स्वतःलाच मागे ढकलतो, आणि बाहेरून सगळं ठीकच दिसतं. ही सोय मेनूतून बंद करा. १२ व्होल्टचं सॉकेट टोइंगच्या स्थितीत चालू राहतं ना, तेही याच वेळी बघा. काही गाड्यांत ते इंजिन बंद झाल्यावर थोड्या वेळाने मरतं. मोटरहोमकडून बॅटरीला चार्जिंगची तार नसेल तर दिवसभराच्या ब्रेकिंगने बॅटरी बसते.

गाडी सुटली तर तिचे ब्रेक आपोआप लावणारा ब्रेकअवे स्विच गाडीच्या पुढच्या भागात असतो आणि त्याच्या पिनची केबल मोटरहोमच्या चासीला अडकवायची. टो बारला किंवा सेफ्टी केबलला अजिबात नाही: हिचच निखळला तर टो बार गाडीसोबत जाईल, पिन जागेवरच राहील आणि गाडी ब्रेकविना सुटेल. केबल वळणावर ताणली जाऊ नये इतकी सैल हवी, रस्त्यावर घासेल इतकी नको. पिन ओढून एकदा चाचणी घ्या, चाकं जाम झाली की पिन लगेच परत बसवा.

आता दिव्यांचा एक चकवा. गाडीच्या मागच्या दिव्यांना डायोड लावून मोटरहोमचा सिग्नल दिलेला असतो. खोक्याने पेडल दाबलं की गाडीचा स्वतःचा ब्रेक स्विचही चालू होतो, आणि एकाच बल्बमध्ये ब्रेक आणि इंडिकेटर असलेल्या गाडीत इंडिकेटरचं लुकलुकणं स्थिर दिव्यात हरवतं. म्हणजे ब्रेक मारत लेन बदलताना मागच्याला काहीच कळत नाही. ब्रेक स्विचच्या तारेत टोइंगच्या वेळी तोडणारा रिले घातला की प्रश्न सुटतो.

त्याच पार्किंगमध्ये ताशी ४० किमीवरून दोन-तीनदा थांबून बघा. मागून हलकी ओढ जाणवली पाहिजे. धक्का जाणवला तर दाब जास्त आहे, आणि ढकलल्यासारखं वाटलं तर कमी.

बोगदा सुमारे ११,१५८ फुटांवर आहे. पश्चिमेकडे जाणारी नळी १९७३ मध्ये खुली झाली, दुसरी १९७९ मध्ये. बाहेर पडताक्षणी सिल्व्हरथॉर्नपर्यंत सात टक्क्यांपर्यंतचा उतार आहे आणि उंची दोन हजार फुटांहून जास्त, म्हणजे साधारण ६४० मीटर कमी होते. १,८०० किलोच्या गाडीपुरतं बोलायचं तर या उतारावर निघणारी उष्णता ताशी ९० वरून वीसदा पूर्ण थांबवण्याइतकी. हवेचा आणि टायरचा विरोध वजा केला तरी आकडा लहान होत नाही. ब्रेक सुटलेल्या ट्रकसाठी उजव्या हाताला रॅम्प आहेत, ते शोभेला नाहीत.

बहुतेक खोके वेग कमी होतोय हे आतल्या जडत्वाच्या सेन्सरवरून ओळखतात. हा सेन्सर उतार आणि ब्रेक यांतला फरक जाणत नाही. सात टक्के उतारावर तुम्ही इंजिन ब्रेकने, म्हणजे खालच्या गिअरमधल्या इंजिनाच्या रोधाने, वेग अगदी स्थिर ठेवला, ब्रेकला पायही लावला नाही, तरी त्याच्या लेखी ते सपाटीवर ०.०७ जी (जी म्हणजे गुरुत्वत्वरण) इतकं ब्रेकिंग आहे. संवेदनशीलता याहून बारीक ठेवलेली असेल आणि यंत्रात उताराची वजाबाकी करण्याची सोय नसेल, तर खोका पेडल धरून बसतो. सपाटीवर हलक्या ब्रेकला खोका प्रतिसाद देत नाही म्हणून लोक डेन्व्हरमध्येच संवेदनशीलता वाढवतात, आणि तीच घाटात मागची गाडी जाळते. आमचा नियम असा की या रस्त्यावर सेटिंग ०.१ जीच्या खाली आणायचं नाही. शहरातले हलके ब्रेक मोटरहोमने एकट्याने सोसले तर बिघडत नाही.

टो बारमधल्या यांत्रिक ब्रेकलाही हेच दुखणं आहे. इंजिन ब्रेकने मोटरहोम धरून ठेवलं की मागची गाडी रेटते, केबल ताणते आणि ब्रेक घासत राहतो. ब्रेकलाइटचा सिग्नल आणि जडत्व हे दोन्ही मिळाल्याशिवाय न लागणाऱ्या यंत्रणा इथे सरस ठरतात. फक्त एक बघायचं: डिझेलचा एक्झॉस्ट ब्रेक (धूर अडवून इंजिनाकरवी वेग धरणारा) लागल्यावर मोटरहोमचे ब्रेकलाइट पेटतात का? पेटत असतील तर पहिली अट उतारभर पूर्णच असते.

पुढे ड्रायव्हरच्या जागी एक छोटा मॉनिटर हवाच, मागचं पेडल दाबलं गेलं की पेटणारा. तो नसेल तर मागे काय चाललंय ते धूर दिसेपर्यंत कळत नाही. पायाखाली ब्रेक नसताना दिवा पेटलेला राहिला तर लगेच बाजूला घ्या.

उतरताना टो-हॉल मोड (ओझं ओढताना खालचा गिअर धरून ठेवणारी सोय) बोगद्यात असतानाच चालू करा आणि गिअर बोगद्याच्या तोंडाशीच खाली आणा. वेग वाढल्यावर गिअर खाली टाकायला गेलात तर गिअरबॉक्स नकार देतो. ठरवलेला वेग, समजा ताशी ७२, गाठला की ठाम ब्रेक मारून ६४ वर आणा आणि पाय पूर्ण काढा. पुन्हा ७२ झाला की पुन्हा तसंच. पाय हलका ठेवून सतत घासत उतरलात तर डिस्कला थंड व्हायला उसंत मिळत नाही. डॉट ३ ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू नवं असताना किमान २०५ अंश सेल्सिअस, आणि पाणी शोषलेल्या जुन्या ऑइलचा १४० पर्यंत उतरतो. ऑइल उकळलं की पेडल स्पंजासारखं खाली जातं. मागच्या गाडीचं ऑइल बदलायचं कुणाच्या लक्षातच राहत नाही, कारण ती गाडी ‘चालवलेली’ नसते.

सिल्व्हरथॉर्नला उतरल्यावर थांबून इन्फ्रारेड थर्मामीटरने मागच्या गाडीच्या चारही चाकांच्या डिस्क तपासा. डावी-उजवी सारख्याच गरम आणि सगळ्या मोटरहोमच्या डिस्कपेक्षा थंड असतील तर सेटिंग बरोबर. एकच चाक बरंच जास्त गरम असेल तर तिथला कॅलिपर चिकटलाय किंवा हँडब्रेक अर्धवट लागलाय. चारही भयंकर तापली असतील तर खोका घासत होता. संवेदनशीलता कमी करा, आणि डिस्क हाताला सोसवेल इतक्या थंड होईपर्यंत निघू नका, कारण पुढे सुमारे १०,६६० फुटांचा व्हेल पास आहे आणि त्याचाही पश्चिमेचा उतार सात टक्क्यांपर्यंतचा आहे.

ग्लेनवुड कॅन्यनमध्ये रस्ता नदीच्या काठाने चालतो, ब्रेकला विश्रांती मिळते. कॅम्पग्राउंडला पोहोचल्यावर गाडी सुटी करताना क्रम पाळा: हँडब्रेक लावा, खोक्याचा क्लॅम्प पेडलवरून काढा, खोका बाहेर घ्या आणि मगच इंजिन सुरू करा. क्लॅम्प तसाच ठेवून किल्ली फिरवली तर बूस्टरमध्ये व्हॅक्युम भरतो आणि दुसऱ्या दिवशी तेच मऊ पेडल खोक्याच्या हाती लागतं.