यादीबाहेर

यादीत मी नाही. मंगळवारी टेकडीच्या गणपतीसमोर आई पुटपुटत होती आणि मी तिची पिशवी धरून मागेच उभी होते, म्हणून सगळं ऐकू आलं. दादाचं प्रमोशन. वहिनीचा गुडघा. पिंट्याची ‘नीट’ परीक्षा. शेजारच्या सुनेचं बाळंतपण. काटोलच्या मामाच्या संत्र्याच्या बागेतली फळगळ थांबू दे, आंबिया बहार हाती लागू दे. मग ‘सगळ्यांना सुखी ठेव रे बाप्पा’. त्या सगळ्यांत मी आले म्हणायचं.

गंमत म्हणजे मी मानतच नाही. उपास नाही, आरतीला टाळी नाही. ज्याच्यावर विश्वास नाही त्याच्याकडे आपली शिफारस झाली नाही, याचं एवढं काऊन लागावं? तरी लागलं. जिना उतरताना लागलं, रात्री कूलरच्या घरघरीत तर जास्तच. संत्र्यांचाही नंबर माझ्या आधी!

त्यापेक्षा आमच्या नागपूरची मारबत बरी, मिरवून जाळतात तो पुतळा. काळी 1881 पासून निघते, पिवळी 1885 पासून. तान्ह्या पोळ्याला इतवारीत अख्खी गर्दी ओरडते, ‘इडा पीडा घेऊन जा गे मारबत’. कोणाची पीडा ते कोणी विचारत नाही. न मानणारीचीही नेत असावी.

ऑफिसात म्हटलं तर मैत्रीण हसली. तिची आजी 14 ऑक्टोबर 1956 ला दीक्षाभूमीवर होती. आजीनं घेतलेल्या बावीस प्रतिज्ञा घरात लावलेल्या आहेत: चोरी करणार नाही, खोटं बोलणार नाही, दारू पिणार नाही. ‘आमच्याकडे मागायची सोयच नाही, पाळायचंच सगळं,’ ती म्हणाली. मला ते फार स्वच्छ वाटलं. नवसात तुम्ही माणूस कसे आहात हे कोणी विचारत नाही. आमचे एक साहेब दर मंगळवारी अनवाणी टेकडीवर जातात आणि बुधवारी ठेकेदाराची फाईल ‘वजन’ आल्याशिवाय हलवत नाहीत. त्यांचा मोदक परत आल्याचं ऐकलं नाही. हे मी तावातावानं सांगत होते, तर मैत्रीण म्हणाली, ‘हाव, पण पोरीच्या पेपरच्या दिवशी आपल्यालाही मागायला कोणी असतं तर बरं, असं वाटतंच गं.’ 

शेवटी काल भाजी निवडताना आईला विचारलंच. माझं काहीच मागत नाहीस का?

तिनं मान वर केली नाही. ‘तुह्यासाठी मागितलं, त्यानं दिलं, तर तू कबूल करशील? म्हणशील माझ्या मेहनतीनं झालं. मग त्याला फुकटचं काऊन राबवायचं?’

एवढा चोख व्यवहार! मला हसूच आलं. वर्षानुवर्षं मी तिच्या भोळेपणावर चिडत आले आणि इथे बाई उधारी कोणाला द्यायची हे बघून देतात. साहेबांचं खातं तिच्याकडे असतं तर कधीच बंद झालं असतं.

सोमवारी माझा रिपोर्ट येणार आहे. आईला सांगितलेलं नाही. सांगितलं तर यादीत जाईल, आणि चांगला आला तर कबूल करावं लागेल.