नंबरच्या काचेला रंग कोणता घेऊ?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मी चष्म्याच्या दुकानात बसते, त्यामुळे लग्नाच्या पंगतीतही हा प्रश्न विचारणारं कुणीतरी भेटतंच. माझा उलट प्रश्न ठरलेला: घालून जाणार कुठे?

दिवसभर उन्हात टू-व्हीलरवर असाल तर करडा किंवा तपकिरी. करडा सगळेच रंग जवळपास सारखे मंद करतो, म्हणून साड्यांच्या किंवा पेंटच्या दुकानातल्या माणसाला मी तोच सुचवते. तपकिरी निळा प्रकाश जास्त अडवतो, त्यामुळे रस्त्यावरचे खड्डे-उंचवटे उठून दिसतात. हिरवा या दोघांच्या मधला. फिकट निळा वगैरे निव्वळ हौस. करा की, पण त्यानं ऊन कमी होईल असं समजू नका.

खरा घोळ गडदपणाचा. 'जास्तीत जास्त काळी द्या, डोळ्यांना बरी,' असं म्हणणारे बरेच. काच काळी आहे म्हणजे ती अतिनील किरण अडवते, असं नाही. उलट काळोखामुळे बुबुळातली बाहुली मोठी होते आणि काचेत संरक्षण नसेल तर ते किरण जास्तच आत जातात. म्हणून बिलावर 'यूव्ही ४००', म्हणजे अतिनील किरण अडवणारी काच, असं लिहून घ्या. पूर्ण पारदर्शक काचेतही ते मिळतं. आपल्याकडच्या उन्हाला ८ ते १८ टक्के प्रकाश आत सोडणारी काच पुरते. ८ टक्क्यांच्या खालची बर्फावर चालणाऱ्यांसाठी. ती घालून गाडी चालवायची नाही. आणि रात्री गाडी चालवताना कुठलाच रंग नको, ते पिवळे 'नाइट ड्रायव्हिंग'वालेसुद्धा नकोत. समोरच्या हेडलाइटबरोबर तुमचा रस्ताही अंधारतो.

उन्हात काळी होणारी काच? चालत फिरणाऱ्याला छान. पण ती अतिनील किरणांनी काळी होते आणि गाडीची पुढची काच तेच किरण अडवते. त्यामुळे स्टिअरिंगमागे साधी फोटोक्रोमिक काच पांढरीच राहते, आणि गिऱ्हाईक म्हणतं, 'ताई, फसवलंत.' गारठ्यात ती जास्त गडद होते, मे महिन्याच्या उकाड्यात कमी. कारवाल्यांनी पोलराइज्ड घ्यावी. ओल्या डांबरावरची तिरीप तीच मारते. मोबाइलचा स्क्रीन मात्र काही कोनांतून काळा दिसेल, तेव्हा घाबरू नका.

बायफोकल असेल तर ग्रेडियंट घ्या, वर गडद आणि खाली फिकट. वाचायचा भाग खालीच असतो.

एक दुकानदारी गोष्ट. साधी प्लॅस्टिकची काच गरम रंगाच्या पाण्यात बुडवून रंगवतात. जितका वेळ ठेवाल तितकी गडद. पॉलिकार्बोनेट, म्हणजे सहज न फुटणारं दणकट प्लॅस्टिक, तसा रंग पीत नाही, त्याच्यावरच्या कोटिंगलाच काय तो बसतो. आणि अँटी-ग्लेअर, म्हणजे काचेवरची चमक घालवणारा थर, एकदा चढला की नंतर रंग देता येत नाही. 'आत्ता पांढरी बनवा, उन्हाळ्यात रंगवून घेऊ' म्हणणाऱ्यांना म्हणूनच मी ऑर्डर लिहायच्या आधी थांबवते.