फॉर मोजत नाही, मागतो

शनिवार, रात्र

पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकणाऱ्यांच्या वहीत लूपच्या पानावर बहुधा एकच व्याख्या सापडते: 'तेच काम पुन्हा पुन्हा करणं.' चूक नाही, पण तोकडी आहे. सी किंवा जावा या भाषा करून आलेल्यांच्या डोक्यात तर पक्कं बसलेलं असतं की फॉर हा लूप म्हणजे शून्यापासून पुढे सरकणारा काटा. पायथॉनचा फॉर स्वतः मोजतच नाही. तो समोरच्या वस्तूपुढे हात पसरतो आणि म्हणतो, 'पुढचं दे.' मिळालं की आतल्या ओळी चालवतो, पुन्हा हात पसरतो. 'संपलं' असं कळलं की बाहेर पडतो.

शेलमध्ये, म्हणजे ओळ लिहिली की लगेच उत्तर देणाऱ्या पायथॉनच्या खिडकीत, हे हाताने करून बघावं. [10, 20, 30] अशी यादी (लिस्ट) घ्यायची, तिच्यावर इटर हे फंक्शन चालवायचं आणि मिळालेला इटरेटर, म्हणजे मागितल्यावर एकेक वस्तू देणारा, एका नावात ठेवायचा. मग त्याच्यावर नेक्स्ट, म्हणजे 'पुढचं दे': 10. पुन्हा नेक्स्ट: 20. पुन्हा: 30. चौथ्यांदा मागितलं की स्टॉप-इटरेशन नावाचा एरर अंगावर येतो. फॉरसुद्धा हेच चार कॉल करतो, फक्त चौथ्या वेळचा एरर गुपचूप गिळतो. ही व्यवस्था डिसेंबर 2001 मधल्या पायथॉन 2.2 पासूनची. त्याआधी फॉर खरंच 0, 1, 2 असे क्रमांक देऊन वस्तू मागायचा.

मग आकड्यांची रांग देणारा रेंज काय करतो? तो मागितल्यावर एकेक आकडा काढून देतो, आधीपासून साठवून ठेवत नाही. पायथॉन 3 मध्ये एक कोटीचा रेंज केला तरी नेहमीच्या 64 बिट मशीनवर ती वस्तू 48 बाइटचीच राहते. त्याची लिस्ट केली तर आकडे कुठे आहेत हे सांगणाऱ्या नुसत्या खुणांनाच 8 कोटी बाइट लागतात, आकडे वेगळे.

रेंजची जुनी खोड म्हणजे शेवटचा आकडा न देणं. रेंज(1, 10) वर बेचा पाढा छापला की 'बे नवे अठरा'वर थांबतो, 'बे दाहे वीस' येतच नाही. रेंज(1, 11) लिहावं लागतं. विचित्र वाटतं खरं, पण 0 ते 5 आणि 5 ते 10 असे दोन रेंज जोडले तर 5 दोनदा येत नाही आणि मधे फटही राहत नाही. वजाबाकी केली की किती फेऱ्या तेही कळतं. संगणकशास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा यांनी 1982 मध्ये एका छोट्या टिपणात नेमकी हीच बाजू मांडली होती. त्यामुळे पाठ करण्यापेक्षा वजाबाकी करून बघणं सोपं: 11 वजा 1, दहा फेऱ्या.

आता खरी गोम. यादीवर लूप चालू असताना त्याच यादीतून वस्तू काढणं. [2, 4, 6, 7, 8] घेऊ आणि सम आकडे रिमूव्ह करू. उरायला हवा फक्त 7. उरतात [4, 7]. यादीचा इटरेटर फक्त एक गोष्ट लक्षात ठेवतो, पुढचा क्रमांक. क्रमांक 0 वर 2 मिळाला, काढला. यादी झाली [4, 6, 7, 8]. आता क्रमांक 1 वर 6 आहे. 4 सरकून 0 वर आला, त्याच्याकडे कोणी पाहिलंच नाही. 6 काढला, उरली [4, 7, 8]. क्रमांक 2 वर 8, तोही गेला. क्रमांक 3 ला काही नाही, लूप संपला. पंगतीत वाढपी पानं मोजत पुढे चाललाय, मागून एक जण उठला आणि बाकीचे एकेक पाट सरकले, की एकाच्या पानात काहीच पडत नाही. अगदी तसंच. सगळ्यात वाईट म्हणजे [2, 3, 6, 7] अशी यादी असेल तर उत्तर बरोबर येतं, कारण दोन सम आकडे शेजारी नाहीत. चाचणीत पास, खऱ्या डेटावर नापास.

यावर उपाय एकच धरावा: जुनी यादी छाटू नये, हवं ते उचलून नवी यादी करावी. लिस्ट कॉम्प्रिहेन्शन, म्हणजे एका ओळीत नवी यादी बनवायची रीत, पुरते. डिक्शनरीच्या, म्हणजे किल्ली (की) आणि तिची किंमत अशा जोड्यांच्या, बाबतीत पायथॉन जास्त प्रामाणिक आहे. फिरताना तिचा आकार बदलला तर रनटाइम एरर देऊन थांबतो. किल्ल्यांची लिस्ट आधी काढून तिच्यावर फिरलं की काम होतं. लिस्टला हे संरक्षण नाही, ही माझ्या मते भाषेतली उणीवच आहे.

'पुढचं दे' या पद्धतीचा दुसरा फटका म्हणजे रिकामा हात. झिप (याद्या जोडीने देणारा), मॅप (प्रत्येक वस्तूवर फंक्शन चालवून देणारा), जनरेटर (मागेल तशी वस्तू तयार करणारा), उघडलेली फाइल, ही सगळी एकदाच देणारी मंडळी. पहिल्या लूपमध्ये ओळी मोजल्या आणि दुसऱ्या लूपमध्ये त्याच फाइलवर बेरीज केली, तर बेरीज शून्य येते. एरर नाही, इशारा नाही; दुसरा लूप एकही फेरी न मारता संपतो. दोनदा फिरायचं असेल तर आधी लिस्ट करून ठेवावी, नाहीतर फाइल सीक(0) करून परत सुरुवातीला न्यावी. आणि झिपला 60 नावं आणि 59 गुण दिले तर साठावा विद्यार्थी निकालातून मुकाट गळतो. पायथॉन 3.10 पासून झिपला स्ट्रिक्ट = ट्रू सांगता येतं, मग तो तक्रार करतो. सांगावंच.

व्हाइल या दुसऱ्या लूपचा स्वभाव वेगळा. तो कुणाकडे काही मागत नाही, अट तपासतो, आणि अट खोटी होण्याची जबाबदारी पूर्ण आपली. इथे दोन खड्डे नेहमीचे. एक, आकडा वाढवायची ओळ तळाशी आणि वर कुठेतरी कंटिन्यू, म्हणजे 'उरलेली फेरी सोड, पुढची घे'. कंटिन्यू लागला की वाढ होत नाही आणि लूप त्याच आकड्यावर गरगरतो. कंट्रोल-सी दाबून थांबवावा. दुसरा, शून्यात 0.1 मिळवत जायचं आणि 'एक होईपर्यंत' फिरत राहायचं. दहाव्या वेळी मिळतं 0.9999999999999999, पुढच्या वेळी 1.0999999999999999. नेमका एक कधी येतच नाही. बरोबरीऐवजी 'एकपेक्षा लहान' लिहिलं तर लूप थांबतो, पण एक फेरी जास्त मारून. फेऱ्या पूर्णांकात मोजाव्या आणि आत दहाने भागावं, हे सरळ.

इंडेंटेशनबद्दल, म्हणजे ओळीआधीच्या मोकळ्या जागेबद्दल, थोडक्यात: उत्तर परत देणारा रिटर्न चार जागा आत, लूपमध्ये, सरकला की फंक्शन पहिल्याच फेरीत परततं. बेरजेऐवजी पहिला आकडा मिळाला, तर आधी तिकडे बघावं. लूपला जोडलेला एल्स हा ब्रेक (लूप मधेच तोडणारी आज्ञा) न लागता लूप संपला तरच चालतो. नाव फसवं आहे, 'ब्रेक लागला नाही तर' असं मनात वाचावं.

मराठी मजकुरावर फॉर चालवला की मात्र 'पुढचं' म्हणजे नक्की काय, हा प्रश्न उभा राहतो. 'क्षितिज' हा शब्द आपल्या लेखी तीन अक्षरांचा. लूप सात फेऱ्या मारतो: क, पाय मोडण्याची खूण, ष, पहिली वेलांटी, त, पुन्हा पहिली वेलांटी, ज. लांबी सांगणारं लेनसुद्धा 7 सांगतं. एकटी वेलांटी छापली की पडद्यावर बहुधा ठिपक्यांच्या गोलाला लटकलेली दिसते. पायथॉनची चूक नाही, स्ट्रिंग, म्हणजे मजकुराची वस्तू, युनिकोडचे (प्रत्येक चिन्हाला आकडा देणाऱ्या जागतिक पद्धतीचे) संकेत एकेक करून देते, अक्षरं नव्हे. म्हणून स्ट्रिंग उलटी केली की वेलांट्या आणि काने भलत्याच व्यंजनांना चिकटतात, आणि 'पहिली पाच अक्षरं घे' असं सांगितलं तर शब्द मधेच तुटतो. रीजेक्स नावाचं वेगळं मॉड्यूल (तयार कोडची जोडणी) बसवून त्यातला मोठ्या एक्सचा पॅटर्न (\X) वापरला तर 'मराठी'चे म, रा, ठी असे तीन तुकडे नीट मिळतात. 'क्षितिज'चं उत्तर मॉड्यूल युनिकोडची कोणती आवृत्ती पाळतं त्यावर ठरतं. देवनागरी जोडाक्षर एकत्र ठेवायचा नियम 2023 च्या युनिकोड 15.1 मध्ये आला. त्याआधीच्या नियमांनी क् आणि षि वेगळे पडतात आणि तीनऐवजी चार तुकडे हाती येतात.