वरची जागा

कागदावर घातांक लिहिताना कोणाला विचार करावा लागत नाही. पाया लिहायचा, हात किंचित वर न्यायचा आणि थोडा लहान आकडा काढायचा. फ्रेंच गणिती देकार्तने १६३७ च्या आपल्या ‘भूमिती’ या ग्रंथात हीच रीत वापरली आणि ती रुळली. गंमत अशी, की घनापासून पुढे वर आकडा देणारा हा गृहस्थ वर्गासाठी मात्र बहुधा तेच अक्षर दोनदा लिहीत असे. हाताला ही वरची जागा सहज सापडते, कीबोर्डला ती नाहीच. तिथे अक्षरे एका ओळीत, एकामागून एक पडतात, आणि पुढचा आकडा वर चढला आहे हे एखाद्या चिन्हाने सांगावे लागते.

ते चिन्ह कोणते, यावर संगणकाच्या भाषांचे कधीच एकमत झाले नाही. फोरट्रानने १९५७ मध्ये दोन तारका शेजारी ठेवून काम भागवले, कारण तेव्हा हाताशी असलेली चिन्हेच मोजकी होती. बेसिकने वर जाणारा बाण घेतला. पुढे आस्की या संगणकाच्या ठरावीक अक्षरसंचात बाणाच्या त्याच जागी ^ आले, जे मुळात फ्रेंचसारख्या भाषांत स्वराच्या डोक्यावर बसणारी टोपी होते. आज अनेक कीबोर्डांवर शिफ्ट धरून सहाचे बटण दाबले की ते उमटते आणि बहुतेकांना घातांक म्हणूनच कळते. पायथनला मात्र कळत नाही. तिथे २^३ लिहिले, तर उत्तर ८ नव्हे, १ येते, कारण ती भाषा या चिन्हाने दोन्ही संख्यांचे द्विमान अंक, म्हणजे फक्त ० आणि १ मध्ये लिहिलेले रूप, ताडून पाहते. घातासाठी तिला दोन तारकाच लागतात.

माझ्या मते खरी अडचण चिन्हाची नाही. कागदावर वर चढवलेला मजकूर आपले कंस आपल्याबरोबरच घेऊन येतो. दोनाच्या डोक्यावर ‘न अधिक एक’ लिहिले, तर ते सगळे मिळून घातांक आहे हे डोळ्यालाच दिसते. तेच ओळीत २^न+१ असे लिहिले, की यंत्र आधी दोनाचा न वा घात काढते आणि मग त्यात एक मिळवते. उणे चिन्हाने तर चांगल्या चांगल्या सॉफ्टवेअरांत फूट पाडली आहे: -२^२ चे उत्तर एक्सेलमध्ये ४ येते आणि पायथनमध्ये, दोन तारका वापरून, -४. गणिताची रूढी पायथनच्या बाजूने आहे. २^३^२ चेही तसेच. रूढीप्रमाणे वरचा घात आधी, म्हणजे ५१२, पण एक्सेल डावीकडून सुरुवात करते आणि ६४ वर थांबते. कंस घालायचा कंटाळा करू नये, तो याच ठिकाणी.

सायंटिफिक कॅल्क्युलेटरवर घातासाठी वेगळे बटण असते, आणि जवळच ‘एक्स्प’ असे लिहिलेले आणखी एक. या दुसऱ्याचा अर्थ ‘गुणिले दहाचा घात’ असा पूर्ण असतो, त्यामुळे ५, एक्स्प, ३ दाबले की ५००० मिळतात. दहाचा तिसरा घात हवा म्हणून १०, एक्स्प, ३ दाबणाऱ्याला हजाराऐवजी दहा हजार मिळतात. दहा तर बटणातच होते. हवे होते १, एक्स्प, ३.

मजकुरात वर चढवलेला आकडा दिसायला सुरेख असतो, पण तो साध्या मजकुरात चिकटवला की मुकाट्याने खाली उतरतो आणि दहा लाखांचे १०६ होतात. म्हणून दिसायला कुरूप असले, तरी १०^६ लिहिणेच मला पसंत आहे.

साध्या चार क्रियांच्या कॅल्क्युलेटरवर यातले काहीच नसते. तरीही त्यांतल्या अनेकांवर १.०५, मग गुणिलेचे बटण (काहींवर दोनदा), आणि मग बरोबरचे बटण एकदा दाबले की वर्ग, पुन्हा दाबले की घन, अशी चढण चालू राहते. दहाव्या घातासाठी बरोबरचे बटण नऊ वेळा दाबायचे, की १.६२८८ च्या थोडे पुढचे उत्तर समोर येते. फक्त त्या वेळात कोणी हाक मारू नये, कारण आपण कितव्या घातावर आहोत हे यंत्र कुठेही दाखवत नाही.