आई ‘ठणकतंय’ म्हणाली, मी ‘थोडा दर्द है’ सांगितलं

लिहू का नको असं करत तीन महिने गेले. खरं परवा पलीकडच्या गल्लीतल्या एका काकूंकडं गेले तर त्यांनापण फुफ्फुसाचा कॅन्सर, आणि कंबर दुखते म्हणून घरात विटेचा शेक चाललेला. घरी आले आणि लिहायला बसले.

माझ्या आईला फुफ्फुसाचा कॅन्सर आहे, चौथी स्टेज. निपाणीत तंबाखूच्या वखारीत वीसेक वर्षं काम केलं तिनं. विडी कधी ओढली नाही, मिश्री मात्र रोज सकाळी. तपासणीत ईजीएफआर नावाच्या जीनमध्ये बदल सापडला, विडी-सिगारेट न ओढणाऱ्यांच्यात हा जास्त सापडतो, आणि त्याच्यावर गोळी आहे, रोज एक. दोन महिन्यांत खोकला गेला, जिना चढायला लागली, आप्पा जोतिबाला बोललेला नारळ फेडून आले. आम्ही सगळे फुफ्फुसाकडंच बघत बसलो, श्वास नीट तर सगळं नीट असं धरून चाललो.

मग ती म्हणायला लागली, “डाव्या मांडीत ठणकतंय गं. दिवसा काय न्हाई, रातच्याला आडवं पडलं की सुरू.” झालं, निर्गुडीचा पाला गरम करून बांधला, दादानं मलम आणलं, एक मावशी मालिश करून जायच्या. जवळच्या डॉक्टरांनी दोन महिने दुखण्याचं इंजेक्शन दिलं, एक साधा एक्स-रे काढा म्हणाले नाहीत. कॅन्सरची फाईल त्यांच्या टेबलावर होती हो! पण नुसतं त्यांना तरी काय बोलू, कारण बेळगावला ओपीडीत मी स्वतः काय केलं ते सांगते. तिथल्या तरुण डॉक्टरांनी कन्नडमध्ये विचारलं, “नोवु इदेया?”, म्हणजे दुखतंय का. माझं कन्नड बाजारापुरतं, आईचं तर तेवढंपण नाही. मी घाईत हिंदीत बोलून गेले, “थोडा दर्द है पैर में.” त्यांनी लिहून घेतलं, पुढचा पेशंट आला.

ठणकणं, सलणं, कळ मारणं, चमक भरणं, भगभगणं, बधिर होणं, मुंग्या येणं. आपल्या बायका दुखणं किती नेमकं सांगतात. आणि मी त्या सगळ्याचं “थोडा दर्द” करून टाकलं. रात्री ठणकणारं, पडून राहिलं तरी न थांबणारं दुखणं हीच तर खूण होती, गुडघे-कंबर झिजल्याचं दुखणं बहुतेक वेळा विश्रांतीनं कमी होतं, हे मला नंतर कळलं.

गौरीच्या आदल्या दिवशी ती पाटावर बसून शेपू निवडत होती. उठायला म्हणून हात टेकला, पायावर भार दिला, आणि वाळली काटकी मोडावी तसा आवाज आला. मी गॅसजवळ होते, मला ऐकू आला. ती पडली म्हणून हाड मोडलं असं नाही झालं, आधी हाड मोडलं आणि मग ती खाली बसली. शेपूची जुडी हातातच होती.

बेळगावला जाईपर्यंत, त्या 70-75 किलोमीटरमध्ये, ॲम्ब्युलन्सच्या प्रत्येक धक्क्याला ती माझा हात आवळत होती.

तिथल्या हाडाच्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं ते आमच्या आप्पांनापण समजलं. आपलं हाड म्हणजे दगड नाही, ते रोज थोडं खाल्लं जातं आणि रोज थोडं भरलं जातं. कॅन्सरच्या पेशी हाडात शिरल्या की खाणाऱ्या पेशींना चेव आणतात, भरणं मागं पडतं आणि आतनं वाळवी लागलेल्या वाशासारखं होतं, वरनं अख्खं, आत पोकळ. फुफ्फुसाचा कॅन्सर पसरलेल्या दहा जणांत तीन-चार जणांच्या हाडात तो जातोच. मणके, फासळ्या, कंबरेचं हाड, मांडीचं आणि दंडाचं वरचं टोक ही त्याची नेहमीची ठिकाणं. आणि साध्या एक्स-रेत दिसायला हाडातलं 30 ते 50 टक्के खनिज गेलेलं असावं लागतं, म्हणून एक्स-रे नॉर्मल आला तरी दुखणं चालूच असेल तर बोन स्कॅन, एमआरआय किंवा पेट स्कॅनबद्दल विचारायचं. मोडायच्या आधी कळलं असतं तर आधीच रॉड घालता येतो, ते ऑपरेशन सोपं जातं. हे ऐकलं त्या रात्री मी झोपले नाही.

रॉड घातला. मग त्या पायाला दहा दिवस रेडिएशन. पाठीच्या एका मणक्यातपण निघालं होतं, तिथं एकदाच दिलं, 8 ग्रेचं (ग्रे म्हणजे रेडिएशन मोजायचं माप). मला वाटलं लांबचे पेशंट म्हणून उरकून टाकताहेत की काय, मी विचारलंसुद्धा. तर तसं नाही, नुसत्या दुखण्यासाठी एकदा दिलेलं आणि दहादा दिलेलं सारखंच काम करतं, एकदाच दिलं तर पुढं कधी परत द्यायची वेळ जरा जास्त वेळा येते एवढंच. पहिले दोन दिवस दुखणं वाढलं, मग दोन-तीन आठवड्यांत उतरलं. तोवर मॉर्फिनची गोळी होती. “मॉर्फिन म्हणजे शेवटचं” असं नात्यातलं कोणकोण सांगत होतं, त्यांचं ऐकू नका. पोट साफ व्हायचं औषध मात्र सोबत घ्यायलाच लागतं.

आता हाडाच्या इंजेक्शनचं. झोलेड्रोनिक ॲसिड, 4 मिलिग्रॅम, सलाईनमधनं 15 मिनिटं तरी लावतात, दर महिन्याला. प्रत्येक वेळी आधी रक्तातलं क्रिएटिनिन बघायचं, कारण किडनीवर ताण येतो. किडनी कमजोर असेल तर डेनोसुमॅब म्हणून दुसरं आहे, कातडीखाली देतात, ते महाग. यानं कॅन्सर बरा होत नाही, हाड मोडायचं, रेडिएशन-ऑपरेशन लागायचं प्रमाण कमी होतं आणि पुढं ढकललं जातं. आणि इथं आमच्याकडच्या बायकांसाठी मुद्दाम सांगते, सुरू करायच्या आधी दाताच्या डॉक्टरांकडं जायचंच. आईच्या दोन दाढा मिश्रीनं आणि वयानं किडून गेलेल्या, त्या आधी काढल्या, जखम भरू दिली आणि मग इंजेक्शन. सुरू झाल्यावर दाढ काढली तर जबड्याचं हाड उघडं पडून सडू शकतं. पहिल्या डोसनंतर तिला दोन दिवस ताप आणि अंगदुखी होती, आम्ही घाबरलो, खरं ते होतं तसं. कॅल्शियम आणि डी व्हिटॅमिनच्या गोळ्यापण देतात, आपल्या मनानं वाढवायच्या नाहीत.

कारण उलटंपण होतं. हाडातलं कॅल्शियम सुटून रक्तात वाढतं, मग माणूस सारखं पाणी मागतो, सारखी लघवी, पोट साफ नाही, मळमळ, गुंगी, काहीतरी असंबद्ध बोलणं. घरात म्हणतात वय झालं, ऊन लागलं. रक्त तपासल्याशिवाय कळत नाही आणि वेळेत सलाईन-औषध मिळालं तर उतरतं.

आणि मणक्याचं. छातीभोवती नाहीतर पोटाभोवती पट्टा आवळल्यासारखं दुखणं, पायात जोर नसणं, चप्पल पायातनं निसटलेली न कळणं, लघवी अडणं. यातलं काहीही झालं तर सकाळची बस बघायची नाही, त्याच रात्री गाडी करून एमआरआय असलेल्या दवाखान्यात जायचं, मज्जारज्जू दाबला जात असतो. उपचार सुरू होताना जो चालत असतो तो बहुतेक पुढंही चालतो, ज्याचे पाय पूर्ण गेले त्याचे परत येणं फार अवघड. पलीकडच्या काकूंच्या मुलाला मी हे दारातच उभं राहून सांगितलं, त्याला राग आला असेल तर येऊ दे, दुसऱ्या दिवशी तो त्यांना घेऊन गेला.

आई आता वॉकर धरून तुळशीपर्यंत जाते. मी एक वही केलीय, तिचे शब्द तिच्याच भाषेत लिहिते. काल रात्रीचं असं आहे: “पाठीत सलतंय, ठणका न्हाई. मुंग्या न्हाईत. दोनदा उठले.” गुरुवारी बेळगावला जायचंय. आमच्या शाळेतल्या कन्नडच्या बाईंना घेऊन बसले आणि प्रत्येक शब्दापुढं त्यांच्याकडनं कन्नड लिहून घेतलं, ठणकण्याला अर्धा तास गेला.